ट्राउट लिली: कुत्र्याचा दात, सापाची जीभ, माशाची पाठ... एकाच फुलाला इतकी नावं का?

एप्रिल महिना. अमेरिकेच्या पूर्व भागातलं जंगल. झाडांवर अजून एकही पान नाही, जमिनीवर गेल्या वर्षीच्या सुक्या पानांचा जाड थर, कुठे कुठे सावलीत बर्फाचे शेवटचे तुकडे. आणि या करड्या-तपकिरी पसाऱ्यात अचानक शेकडो छोटी पानं वर आलेली दिसतात. हिरवी, पण त्यांच्यावर तपकिरी-जांभळे डाग. कुणीतरी ब्रश झटकावा आणि शिंतोडे उडावेत तसे. मधूनच वीतभर उंचीच्या देठावर खाली मान घातलेलं एक पिवळं फूल.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या भागांत राहणाऱ्या मराठी माणसांनी हे फूल नक्की पाहिलं असेल. शहराबाहेरच्या कुठल्याही ओलसर जंगलातल्या पायवाटेवर ते भेटतं. फोटो काढून नाव शोधायला गेलं की मात्र गोंधळ सुरू होतो. एक ॲप सांगतं ट्राउट लिली. जुनं पुस्तक म्हणतं डॉगटूथ व्हायोलेट, म्हणजे कुत्र्याच्या दाताचं व्हायोलेट. तिसरीकडे लिहिलेलं असतं ॲडर्स टंग, म्हणजे फुरशासारख्या विषारी सापाची जीभ. चौथीकडे फॉन लिली, म्हणजे हरणाच्या पाडसाची लिली. कॅनडातल्या क्युबेकमध्ये गेलात तर फ्रेंच बोलणारे लोक त्याला चक्क 'गोड लसूण' म्हणतात.

फूल एकच. नावात मासा, कुत्रा, साप, हरीण आणि लसूण. हे झालं कसं?

आधी फुलाची ओळख

शास्त्रीय नाव एरिथ्रोनियम अमेरिकॅनम. कुळ लिलीचं, म्हणजे लिलिएसी. उत्तरेला कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापासून दक्षिणेला जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेला मिनेसोटापर्यंत ते जंगली अवस्थेत सापडतं. फुलाला सहा पाकळ्या दिसतात. खरं तर त्यातल्या तीन पाकळ्या आणि तीन निदलं असतात, पण लिली कुळात दोन्ही सारखीच दिसतात. ऊन पडलं की या सहाही पाकळ्या मागे वळतात आणि आतले पुंकेसर खाली लोंबताना दिसतात. ढग आले किंवा संध्याकाळ झाली की फूल मिटतं. त्यामुळे ढगाळ दिवशी जंगलात गेलेल्या माणसाला वाटतं, अजून फुललीच नाहीत.

एका रोपाला एकच फूल. आणि हे फूल यायला वेळ किती लागतो? बी रुजल्यापासून चार ते सात वर्षं, कधी कधी त्याहूनही जास्त.

या काळात रोप काय करतं, ते भन्नाट आहे. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं एक बारीक पान येतं. पुढची काही वर्षं दरवर्षी फक्त एकच पान. जमिनीखाली एक छोटा कंद तयार झालेला असतो. त्या कंदातून पांढऱ्या दोरीसारखे धुमारे निघतात, ते मातीत घुसतात आणि त्यांच्या टोकाशी नवे कंद तयार होतात. असं करत करत कंद दरवर्षी थोडा आणखी खोल जातो. पुरेसा खोल गेला, पुरेसा जाड झाला, की मग एका वसंतात एकाऐवजी दोन पानं येतात. दोन पानं म्हणजे यंदा फूल. जंगलात डागाळलेल्या पानांचा गालिचा पसरलेला असतो, पण त्यात फुलं मोजकीच दिसतात, त्याचं कारण हेच. बाकीचे सगळे रांगेत उभे आहेत.

आणि हा सगळा व्यवहार वर्षातल्या काही आठवड्यांतच उरकायचा असतो. बर्फ वितळल्यापासून मॅपल, बीच, बर्च या झाडांना पालवी फुटून सावली पडेपर्यंत जमिनीवर थेट ऊन येतं. तेवढ्यात पान काढायचं, फूल काढायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षासाठी कंदात पिठूळ साठा भरून ठेवायचा. जून उजाडेपर्यंत पानं पिवळी पडून कुजलेली असतात. जुलैमध्ये त्याच जागी उभं राहिलं तर इथे काही होतं याची खूणही सापडत नाही. अशा वनस्पतींना इंग्रजीत स्प्रिंग एफेमरल म्हणतात, म्हणजे वसंतातले क्षणभराचे पाहुणे. पाहुणे म्हणणं तसं चूकच, कारण घर त्यांचंच असतं. ते फक्त दहा महिने जमिनीखाली राहतात.

आपल्याकडे पहिल्या पावसानंतर सह्याद्रीत सफेद मुसळी वर येते, फुलते आणि गवत माजायच्या आत आपलं काम आटोपते. तत्त्व तेच. तिकडे वेळापत्रक ऊन ठरवतं, इकडे पाऊस.

कुत्र्याचा दात कुठून आला?

आता नावांकडे. सगळ्यात जुनं नाव कुत्र्याच्या दाताचं, आणि गंमत म्हणजे ते या फुलाचं नाहीच.

एरिथ्रोनियम या प्रजातीगटात 30 च्या आसपास जाती आहेत. बहुतेक उत्तर अमेरिकेत, काही आशियात, आणि युरोपच्या बऱ्याचशा भागाच्या वाट्याला आलेली फक्त एक. त्या युरोपीय जातीचं फूल गुलाबी-जांभळं असतं आणि कंद पांढरा, लांबट, टोकदार. थेट कुत्र्याच्या सुळ्यासारखा. म्हणून युरोपातल्या जुन्या वनस्पतीतज्ज्ञांनी तिला लॅटिनमध्ये 'कुत्र्याचा दात' म्हटलं. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही तिच्या नावाचा अर्थ हाच होतो. पुढे 1753 मध्ये कार्ल लिनियसने तिला एरिथ्रोनियम डेन्स-कॅनिस हे अधिकृत नाव दिलं. डेन्स म्हणजे दात, कॅनिस म्हणजे कुत्र्याचा. एरिथ्रोनियम हा शब्द ग्रीकमधल्या 'लाल' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, कारण डोळ्यासमोर होतं ते लालसर युरोपीय फूल.

मग व्हायोलेट का? व्हायोलेटचं कुळ वेगळं, पानं वेगळी, फुलाची रचना वेगळी. लिलीशी त्याचं दूरचंही नातं नाही. पण त्या काळी इंग्लंडमध्ये व्हायोलेट हा शब्द फार सैलपणे वापरला जायचा. लवकर उमलणारं, छोटं, नाजूक असं बरंच काही व्हायोलेट म्हणून खपायचं. जॉन जेरार्ड या इंग्रज लेखकाने 1597 च्या आपल्या वनस्पतीग्रंथात स्नोड्रॉप या पांढऱ्याशुभ्र फुलालाही कंदवालं व्हायोलेट म्हटलं आहे. तेव्हा कुत्र्याच्या दाताला व्हायोलेट जोडलं गेलं यात नवल नाही.

युरोपीय लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना तिथे हीच ठेवण असलेलं पिवळं फूल दिसलं. त्यांनी जुनंच नाव त्याला चिकटवलं. 1808 मध्ये केर गॉलर या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने त्याला वेगळी जात मानून एरिथ्रोनियम अमेरिकॅनम असं नाव दिलं. हिशेब करा: पिवळ्या फुलाच्या शास्त्रीय नावात 'लाल' आहे, आणि इंग्रजी नावात 'जांभळं'.

साप आणि नेचा

सापाच्या जिभेचं कोडं अजून पक्कं सुटलेलं नाही. कुणी म्हणतं, पानावरचे डाग सापाच्या कातडीसारखे दिसतात. पण मग नाव सापाच्या कातडीचं हवं होतं, जिभेचं का? दुसरं स्पष्टीकरण जास्त पटण्यासारखं आहे. वसंताच्या सुरुवातीला पान गुंडाळलेल्या अवस्थेत वर येतं. त्याचं अणकुचीदार टोक सुक्या पानांचा थर भोसकून बाहेर डोकावतं, कधी कधी एखादं कुजकं पान गळ्यात अडकवूनच. ते दृश्य सापाने जीभ बाहेर काढल्यासारखं वाटू शकतं.

अडचण वेगळीच आहे. ॲडर्स टंग हे नाव एका नेच्याचं आहे. ऑफिओग्लॉसम हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्याचाही अर्थ सापाची जीभच. हा नेचा जगभर आढळतो, आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात उगवतो. त्याला एकच साधं पान असतं आणि त्यातून जिभेसारखी एक उभी काडी वर येते. नाव त्याला अगदी शोभतं. म्हणजे एका नावाखाली एक फुलणारी लिली आणि एक कधीच न फुलणारा नेचा, असे दोघं राहत होते. औषधी वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांत हे नाव आलं की लेखकाला नक्की कोण म्हणायचंय, हे शोधत बसावं लागतं.

असा घोळ आपल्याकडेही आहेच. वाघनखी म्हटलं की काही जण आकड्यांसारख्या टोकदार फळांचं विंचवी हे झुडूप दाखवतात, तर काही भागांत कळलावीलाच वाघनखी म्हणतात. एक परदेशातून येऊन माळरानावर माजलेलं तण, दुसरी औषधी पण अतिशय विषारी वेल. नाव एक, परिणाम भलतेच.

मग मासा कुणी आणला?

जॉन बरोज हे अमेरिकेतले गाजलेले निसर्गलेखक. जन्म 1837 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरातला. पक्षी, फुलं, ओढे, शेती यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं आणि त्या काळात त्यांचे निबंध शाळाशाळांतून वाचले जायचे. 1894 मध्ये त्यांचं 'रिव्हरबाय' हे पुस्तक आलं. त्यातल्या रानफुलांवरच्या लेखात त्यांनी या फुलाची कैफियत मांडली आहे.

त्यांचं म्हणणं साधारण असं: इतकं देखणं, इतकं मुबलक फूल, पण त्याला धड एक नाव नाही. शास्त्रीय नाव लाल रंगावरून, आणि आपली फुलं पिवळी नाहीतर पांढरी. सापाच्या जिभेशी पानाचं काही साम्य नाही. डागच पाहायचे तर हरणाच्या पाडसाच्या अंगावरही ठिपके असतात, तेव्हा फॉन लिली हे नाव बरं. पण त्याहून चांगलं नाव ट्राउट लिली. ते फुलतं ट्राउट माशांच्या ओढ्यांकाठी, आणि पान दिसतं ट्राउटच्या पाठीसारखं.

हे नाव नुकतंच कुणीतरी सुचवलंय, असंही बरोज यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. सुचवणाऱ्याचं नाव मात्र त्यांनी दिलं नाही. त्यामुळे आज बहुतेक ठिकाणी श्रेय बरोज यांनाच मिळतं.

नाव रुजलं, कारण ते बघणाऱ्याच्या अनुभवाला धरून होतं. ईशान्य अमेरिकेत एप्रिल म्हणजे ट्राउटच्या मासेमारीचा हंगाम सुरू होण्याचा काळ. गळ घेऊन ओढ्याकाठी बसलेल्या माणसाच्या पायाशी ही पानं, आणि समोर पाण्यात तशाच नक्षीचा मासा. शब्दकोश उघडायची गरजच नाही. आदिवासी समाजांकडे तर फूल आणि मासा यांची सांगड आणखी वेगळी होती. हा कंद चावून पाण्यात थुंकला की मासे गळाला लागतात, असा चेरोकी लोकांचा समज होता अशी नोंद आहे.

पण थांबा, घोळ इथेही संपत नाही. त्या ओढ्यांतला मूळचा मासा म्हणजे ब्रुक ट्राउट. आणि माशांच्या शास्त्रीय वर्गीकरणात ब्रुक ट्राउट हा खरा ट्राउट नाही, तो चार नावाच्या भावकीतला आहे. काश्मीरमध्ये इंग्रजांनी आणून सोडलेला ब्राउन ट्राउट हा खरा ट्राउट. म्हणजे व्हायोलेट नसलेल्या फुलाचं चुकीचं नाव दुरुस्त करताना जे नाव निवडलं, त्यातला मासाही तांत्रिकदृष्ट्या तो नव्हेच!

फॉन लिली हे बरोज यांच्या दुसऱ्या पसंतीचं नावही वाया गेलं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया-ओरेगनकडे, एरिथ्रोनियमच्या ज्या जाती आहेत त्यांना आज याच नावाने ओळखतात. दोन पानं पाडसाच्या कानांसारखी उभी राहतात, असंही या नावाचं समर्थन केलं जातं. उंच डोंगरांतल्या जातींना ग्लेशियर लिली आणि ॲव्हलांच लिली म्हणतात, कारण वितळत्या बर्फाच्या कडेलाच त्या उगवतात. तिथे ग्रिझली अस्वलं कंद खाण्यासाठी कुरणंच्या कुरणं उकरून काढतात. नुकसान वाटतं, पण उकरलेल्या मातीत नायट्रोजन जास्त मोकळा होतो आणि तिथे उरलेल्या ग्लेशियर लिली जास्त बिया धरतात, असं अभ्यासकांना दिसलं आहे.

लिली म्हणजे नक्की कोण?

इथे एक छोटं वळण घ्यायला हवं, कारण 'लिली कुळ' हा शब्दही तितकाच फसवा आहे.

ज्यांनी कॉलेजमध्ये जुन्या पुस्तकांतून वनस्पतीशास्त्र शिकलं, त्यांना लिलिएसी म्हटलं की कांदा आठवतो. कांदा, लसूण, कोरफड, शतावरी, मुसळी, कळलावी हे सगळे एकाच कुळात घातलेले होते. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर दिसले की टाका लिलीत, असा तो कारभार होता. 1990 च्या दशकापासून डीएनए तपासून नाती लावायला सुरुवात झाली आणि हे एकत्र कुटुंब फुटलं. कांदा-लसूण एका कुळात गेले, कोरफड दुसऱ्या, शतावरी आणि मुसळी तिसऱ्या, कळलावी चौथ्या. बाल्कनीत पावसाळ्यात फुलणारी रेन लिली, बंगल्यांच्या कुंपणाशी लावलेली स्पायडर लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली, यांतली एकही खरी लिली नाही. पीस लिली तर अळूच्या कुळातली.

ट्राउट लिली मात्र या झाडाझडतीतही घरातच राहिली. तिचं सगळ्यात जवळचं नातं निघालं ट्यूलिपशी. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत फोटो काढलेल्या प्रत्येकाने तिची चुलत बहीण पाहिलेली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

जपानमध्ये नाव उरलं, कंद गेला

नावांची सगळ्यात मजेदार गोष्ट जपानमधली आहे. तिथल्या जातीला काताकुरी म्हणतात, फूल गुलाबी-जांभळं. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहात ओतोमो नो याकामोची या कवीची एक रचना काताकागो नावाच्या फुलावर आहे, आणि ते फूल म्हणजे आजचं काताकुरी असंच मानलं जातं. हा कवी एत्चू प्रांताचा सुभेदार होता. आजच्या तोयामा भागातल्या ताकाओका शहराने हेच फूल आपलं मानचिन्ह म्हणून मिरवलं आहे.

काताकुरीच्या कंदापासून बारीक पांढरं पीठ काढायचे. त्याला काताकुरीको म्हणायचे. रस्सा दाट करायला, तळणीला कुरकुरीतपणा आणायला ते उत्तम. पण एका कंदातून निघतं किती? आणि फुलायला इतकी वर्षं घेणारं रोप किती उपटणार? पुढे बटाट्याची लागवड वाढली आणि त्याच कामासाठी बटाट्याचं स्टार्च स्वस्तात मिळू लागलं. पुड्यातला माल बदलला, पुड्यावरचं नाव तेच राहिलं. आज जपानी रेसिपीच्या रीलमध्ये काताकुरीको घाला असं ऐकलं, तर समजायचं की बटाट्याचं पीठ घालायचं आहे.

अमेरिकन ट्राउट लिलीचे कंदही आदिवासी लोक खात असत. आज कुणी प्रयोग करू नये. जास्त खाल्लं तर उलट्या होतात, शिवाय एक कंद खाल्ला की कित्येक वर्षांची कमाई एका घासात संपते.

इतक्याशा रोपावर जंगलाचा हिशेब

1976 मध्ये रॉबर्ट म्युलर आणि हर्बर्ट बोरमन या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात या फुलावर एक निबंध लिहिला. काम न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक या जंगलात झालं होतं. त्यांचा मुद्दा असा: बर्फ वितळतो तेव्हा पाण्याबरोबर जमिनीतलं नायट्रोजन आणि पोटॅशियम ओढ्यांत वाहून जातं. त्या वेळी मोठी झाडं झोपलेली असतात, शोषून घ्यायला कुणी जागं नसतं. जागी असते ती ट्राउट लिली. ती ही द्रव्यं आपल्या पानांत धरून ठेवते आणि जूनमध्ये पानं कुजली की जंगलाला परत करते, नेमकी झाडांना गरज असते तेव्हा. वसंतातलं धरणच म्हणा. या कल्पनेचं नावही तसंच पडलं.

कल्पना इतकी सुंदर की ती पुस्तकांत घट्ट बसली. नंतरच्या तपासणीत ती थोडी सैल झाली. 1990 मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की वसंतात नायट्रोजन अडवण्याचं जास्त मोठं काम मातीतले सूक्ष्मजीव करतात. पुढे जंगलातून अशी रोपं काढून टाकून प्रयोग झाले, तेव्हाही नायट्रोजनच्या वाहून जाण्यात मोठा फरक पडला नाही. सोशल मीडियावर आजही 'हे फूल जंगलाची माती वाचवतं' अशा पोस्ट फिरतात. त्या अगदी खोट्या नाहीत, पण अर्ध्या आहेत.

तिच्या बियांची गोष्ट मात्र पक्की आहे. फळ पिकलं की देठ वाकून जमिनीला टेकतो. प्रत्येक बीला एक तेलकट, मऊ तुकडा चिकटलेला असतो. मुंग्या त्याच्यासाठी बी उचलून वारुळात नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. अशी आपोआप पेरणी होते. या वाहतुकीचा वेग मुंगीच्या पावलांचा, त्यामुळे एकदा नांगरलेल्या किंवा साफ केलेल्या जंगलात झाडं पुन्हा उभी राहिली तरी ट्राउट लिली परतायला पिढ्या लागतात. परागीभवनासाठीही तिचा खास माणूस आहे: ॲन्ड्रिना एरिथ्रोनाय नावाची, जमिनीत बीळ करून राहणारी मधमाशी. ही बाई पिलांसाठी जवळजवळ फक्त याच गटातल्या फुलांचा पराग गोळा करते. म्हणून तिच्या नावातही फूल आहे.

धोका कुठून?

हरणांपासून सुरू करता येईल. शिकारी प्राणी संपल्यामुळे पूर्व अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या प्रचंड वाढली आहे, आणि वसंतातलं पहिलं कोवळं हिरवं पान त्यांना हवंच असतं. दुसरा शत्रू आपल्याला ऐकून धक्का बसेल असा: गांडूळ. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या जंगलांत मूळची गांडुळं उरलेलीच नव्हती. युरोपातून कुंड्यांच्या मातीतून आणि मासेमारीच्या आमिषातून आलेली गांडुळं आता तिथला कुजलेल्या पानांचा जाड थर फस्त करतात, ज्याच्या आधाराने ही रोपं जगतात. शेतकऱ्याचा मित्र तिथे उपरा ठरतो.

तिसरी गोष्ट हवामानाची. विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो यांनी 1850 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावी कोणतं झाड, कोणतं फूल कधी जागं होतं याच्या नोंदी ठेवल्या होत्या. आजच्या नोंदींशी त्या ताडून पाहिल्यावर संशोधकांना दिसलं की जंगलातली वसंतफुलं साधारण एक आठवडा लवकर पानं काढू लागली आहेत, पण वरच्या झाडांना पालवी सुमारे दोन आठवडे लवकर फुटते. म्हणजे उन्हाची ती खिडकी दोन्ही बाजूंनी सरकली, आणि सरकता सरकता अरुंद झाली. काही आठवड्यांत वर्षाचं पोट भरणाऱ्या रोपाला आठवडाभराची उपासमार परवडत नाही.

आणि चौथा धोका आवडीचा. फूल आवडलं म्हणून खणून घरच्या बागेत लावणारे बरेच असतात. कंद खोल असतो, देठ तुटून हातात येतो, आणि आलाच कंद तर तो वर्षभर रुसतो. लावायचाच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेला कंद मागावा, रानातून उपटलेला नाही.

मिनेसोटातली शाळा

नाव नीट बघून ठेवण्याचा उपयोग काय, याचं उत्तर मिनेसोटा राज्यातल्या फॅरिबॉल्ट गावात मिळतं. तिथल्या सेंट मेरीज शाळेत मेरी हेजेस या वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. 1870 मध्ये त्यांना जवळच्या जंगलात एक विचित्र ट्राउट लिली दिसली. पानं तीच, पण फूल नखाएवढं, फिकट गुलाबी, आणि पाकळ्या सहाच असतील याची खात्री नाही. कधी चार, कधी पाच. 'खुरटलेलं असेल' म्हणून पुढे जाणं सोपं होतं. त्यांनी नमुना हार्वर्डच्या एसा ग्रे यांच्यापर्यंत पोहोचवला. ग्रे त्या काळचे अमेरिकेतले सगळ्यात मोठे वनस्पतीतज्ज्ञ. 1871 मध्ये त्यांनी ही नवी जात असल्याचं जाहीर केलं आणि नाव दिलं एरिथ्रोनियम प्रोपुलन्स, म्हणजे कोंब फुटणारी.

नाव तिच्या सवयीवरून आहे. ही लिली बी जवळजवळ धरतच नाही. फुलाच्या देठाला जमिनीखाली मध्येच एक कोंब फुटतो आणि त्याच्या टोकाशी नवा कंद तयार होतो. ज्या वर्षी रोप फुलेल त्या वर्षी एक, नाहीतर नाही. जगात ती फक्त मिनेसोटाच्या दोन-तीन तालुक्यांएवढ्या पट्ट्यात, नदीकाठच्या उतारांवर आहे. 1986 मध्ये अमेरिकन सरकारने तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं.

तिथल्या राखीव जंगलांत आजही दर वसंतात माणसं वाकून, गुडघ्यावर बसून पांढऱ्या ट्राउट लिलीच्या गर्दीत ती नखाएवढी फुलं मोजतात. एक पाय चुकीचा पडला तर त्या रोपाला पुन्हा फुलायला किती वर्षं लागतील ते त्यांना ठाऊक असतं, म्हणून मोजणीला आलेल्यांना आधी शिकवतात ते कुठे पाहायचं हे नाही, तर पाय कुठे ठेवायचा हे.